पाळण्यातलं नाव

पूर्वज शोधत फिरणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे. आमच्या बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. त्यांनी डीएनए तपासायला नळीत थुंकून ती नळी परदेशी पाठवली, आणि आपण थोडेसे इराणी आहोत असं कळल्यापासून ते लिफ्टमध्येसुद्धा वेगळ्याच ऐटीत उभे राहतात. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मात्र त्यांना ठाऊक नाही. जिवंतांची विचारपूस करायची नाही आणि मेलेल्यांचा पिच्छा पुरवायचा, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं माझं मत होतं, आणि ते मी कधी लपवून ठेवलं नाही.

त्यामुळे शहाऐंशी वर्षांची माझी आई एका सकाळी चहा पिता पिता, "अक्का, माझ्या बापाचं जरा बघ की गं," असं म्हणाली तेव्हा मी तिच्यावरच चिडले. मी थोरली, म्हणून घरात मला सगळे अक्का म्हणतात, आईसुद्धा.

"कुठल्या बापाचं?" मी विचारलं.

प्रश्न उद्धट वाटेल, पण आमच्या घरात तो रास्त होता. आईला दोन बाप. वाढवणारे ते बेळगावचे अण्णा, जे खरं तर तिचे मामा. आणि जन्म देणारा तो स्कॉटलंडचा एक साहेब.

हे मला कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि माझे वडील जाऊन महिना झाला होता. आईची आई, म्हणजे माझी आजी, बालविधवा. बेळगावच्या घरात कोपऱ्यात बसून राहण्यापेक्षा ती मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि बंगळूरच्या कॅन्टोन्मेंटमध्ये एका इस्पितळात कामाला लागली. तिथं तिची एका स्कॉटिश माणसाशी गाठ पडली. तो कापडगिरणीत यंत्रं बसवायला आलेला होता. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं आणि आई जन्मली. आई दोन-अडीच वर्षांची असताना साहेबाची आई तिकडं आजारी पडली, म्हणून तो बोटीनं गेला. मग युद्ध सुरू झालं. तो परत आलाच नाही. युद्ध चालू असतानाच आजी विषमज्वरानं गेली. तिचा भाऊ, म्हणजे अण्णा, बेळगावहून आले आणि चार वर्षांच्या भाचीला घेऊन गेले. तिला त्यांनी स्वतःची मुलगी म्हणून वाढवलं, शाळेत स्वतःचं नाव लावलं. आईला हे सांगितलं अण्णांच्या बायकोनं, लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लावता लावता. तुझा बाप साहेब होता, तुला टाकून गेला, सासरी तोंड उघडू नकोस. साहेबाचं नाव-आडनावही तेव्हाच एकदा सांगितलं. आईनं पुढची जवळजवळ साठ वर्षं तोंड उघडलं नाही.

आईचे डोळे घारे आहेत. सासरच्यांनी चौकशी केली तेव्हा अण्णांनी, "आमच्यात मागं कोकणातली एक सून आली होती," असं ठोकून दिलं आणि ते खपलं. घाऱ्या डोळ्यांची जबाबदारी कोकणावर टाकून मोकळं व्हायची आपल्याकडे रीतच आहे.

"काय बघायचंय त्याचं?" मी आईला म्हटलं. "टाकून गेलेला माणूस. तिकडं दुसरी केली असेल, चार पोरं झाली असतील. त्यांच्या नातवंडांच्या गळ्यात पडायचंय का आता तुला?"

"तसलं काही नको," आई म्हणाली. "त्यानं मला कुठं लिहून ठेवलंय का, एवढंच बघ. नसलं लिहिलं तर नसलं. मग मी नाद सोडते."

मी हो म्हटलं. पण का म्हटलं ते सांगते. मी चौतीस वर्षं एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधून ती त्याच्या सहीनिशी कागदावर आणणं, यात माझी हयात गेली. मला तो माणूस शोधायचा नव्हता. मला त्याची खोट कागदावर हवी होती. त्याच्या दुसऱ्या लग्नाचा दाखला मिळाला की तो आईसमोर टाकायचा आणि म्हणायचं, घे, हा तुझा बाप. मग घरात शांतता.

पहिली फेरी चर्चची. कॅन्टोन्मेंटमधल्या एका जुन्या चर्चच्या कार्यालयात बाप्तिस्म्यांची जुनी बाडं आहेत असं कळलं. तिथल्या कारकुनानं मला तीनदा परत पाठवलं. एकदा, "स्वल्प बिझी, नाळे बन्नी," म्हणजे उद्या या म्हणून, एकदा सण म्हणून, एकदा कपाटाची किल्ली फादरकडे आहे म्हणून. व्हाइटफील्डहून तिथं जाणं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यावर. चौथ्या फेरीला मी त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि उठणार नाही म्हणून सांगितलं. त्यानं आईचे कागद मागितले. आधार, पासपोर्ट, शाळेचा दाखला, सगळं मी समोर ठेवलं. त्यानं एकेक वाचलं, चष्मा वर केला आणि कन्नड-इंग्रजीच्या मिश्रणात शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या मदरचे फादर इथं लिहिलेत की. सगळ्या कागदांवर एकच नाव आहे. मग हरवलंय कोण?"

मी त्याच्यावर आवाज चढवला. वास्तविक तो बरोबर बोलत होता. आपल्याकडे माणसाच्या नावातच मधे बाप बसवलेला असतो, आणि एकदा तो बसवला की मागं कोण होता हे विचारायचं कुणाला काही कारण उरत नाही. कारकुनानं तरीही बाडं काढली. आम्ही दोघांनी मिळून त्या दोन-तीन वर्षांची पानं उलटली. काहीच नव्हतं. आजीनं मुलीचा बाप्तिस्मा केलेलाच नव्हता. लग्न ज्या कचेरीत झालं म्हणत तिथं त्या वर्षांची दप्तरं शिल्लक नव्हती.

मग मी स्कॉटलंडकडे वळले. तिकडच्या सरकारनं जन्म, लग्न, मृत्यू यांची सगळी जुनी दप्तरं संगणकावर चढवलेली आहेत. आमच्या इथं मेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावरून काढायला वर्ष लागतं, आणि तिकडं शंभर वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचा मृत्यू मला बसल्या जागी वाचता येतो, याचाही मला रागच आला. पण त्यांचीही गंमत आहे. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या नावाचा, मुलींचंही तसंच. परिणाम असा की एका गावात चारच नावं, आणि सगळे त्यातच फिरतात. आमच्या साहेबाच्या नावाची सदतीस माणसं मला सापडली. जन्माचं साल धड माहीत नाही, गाव माहीत नाही. मी वहीत सदतीस ओळी आखल्या आणि कारखान्यात सुटे भाग बाद करायचे तसा एकेक माणूस बाद करू लागले. हा खाणीत मेला, बाद. हा पाळण्यातच गेला, बाद. अकराव्या माणसानं तीन लग्नं केली होती. त्यालाच साहेब ठरवायची मला फार इच्छा झाली, पण तो कधी देशाबाहेर पडल्याचं दिसेना.

त्या दप्तरांत एक गोष्ट मला खटकली आणि मग ती मनातून जाईना. तिकडच्या बायका मरेपर्यंत, आणि मेल्यावरसुद्धा, कागदावर माहेरच्या आडनावानं असतात. लग्नाची, मुलाच्या जन्माची, स्वतःच्या मृत्यूची, प्रत्येक नोंद माहेरच्या आडनावाला धरून. बाई शोधायची तर सरळ धागा हाती येतो. आणि आमची आई? पाळण्यात एक नाव. अण्णांनी शाळेत घातलं तेव्हा दुसरं. लग्नात माझ्या वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं ते तिसरं. प्रत्येक वेळी आडनावही बदललेलं. ही बाई जिवंत आहे, माझ्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवते आहे, आणि तिला कागदावर शोधायचं म्हटलं तर ब्रह्मदेवालाही जमणार नाही. मी लग्न केलं नाही म्हणून माझं नाव तरी जन्माचंच राहिलं. हे मी आईला ऐकवलं तर ती म्हणाली, "तुझं शोधायला कोण येणाराय?"

तिच्या बोलण्यात असा खवचटपणा अधूनमधून असतो. मी तो तिच्याकडूनच घेतला आहे.

मी आईच्या शाळेतल्या नावानं शोधलं, लग्नातल्या नावानं शोधलं, पुढं साहेबाचं आडनाव जोडून शोधलं. आठ महिने गेले. मधे आईनं दोनदा सांगितलं, "माझी आई मला वेगळंच हाक मारायची," आणि ते नाव उच्चारूनही दाखवलं. नाव विलायती होतं. मी कान दिला नाही. मिशनच्या दवाखान्यातल्या बायका लेकरांना काहीबाही विलायती नावानं हाका मारायच्या, त्यातलंच हे असेल, असं मी ठरवून टाकलं. आणि दुसरं म्हणजे पाळण्यातलं नाव कागदावर कुठं असतं? आपल्याकडे ते आत्यानं कानात सांगायचं, घुगऱ्या वाटायच्या आणि पुढं विसरून जायचं. माझं स्वतःचं पाळण्यातलं नाव कुठल्याही कागदावर नाही. इतक्या वर्षांच्या तपासणीत मी असली चूक दुसऱ्या कुणाची खपवून घेतली नसती.

जानेवारीतली दुपार होती. आई शेजारच्या खोलीत अवरेकाळू सोलत बसली होती. हे इथले वालासारखे दाणे, भिजवून एकेकाची साल काढायची, तिचं आवडतं आणि मला न सोसणारं काम. मी वैतागून ठरवलं की आज हे प्रकरण मिटवायचं. आईनं सांगितलेलं विलायती नाव टाकायचं, काही सापडत नाही ते बघायचं आणि तिला जाऊन सांगायचं, सगळं करून झालं. लोक आपापल्या घराण्यांच्या वंशावळी जिथं चढवतात अशा एका संकेतस्थळावर मी ते नाव आणि साहेबाचं आडनाव टाकलं.

एकच नाव आलं. जन्मस्थळ बंगळूर. जन्मदिवस आईचाच. आणि त्याच्यापुढं मृत्यूचं वर्ष.

त्या संकेतस्थळाचा एक नियम आहे. जी माणसं जिवंत आहेत त्यांची नावं परक्यांना दिसत नाहीत, नुसती राखाडी चौकट दिसते. मेलेल्यांचीच दिसतात. आई मला सापडली ती मेलेली म्हणून लिहिली होती म्हणून. ती चौथ्या वर्षी मेली होती. मी पडद्याकडे बघत होते आणि शेजारच्या खोलीत साली पातेल्यात पडत होत्या.

मी तिच्या बापाची चौकट उघडली. एकच बायको. माझी आजी, तिच्या बेळगावच्या माहेरच्या आडनावासकट. दुसरं लग्न नाही. युद्ध संपल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी तो गेला होता. मी बोटांवर हिशेब केला. तो गेला तेव्हा मी दोन वर्षांची होते. मी बंगळूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये धावत होते आणि हा माणूस तिकडं जिवंत होता. मला दुसरी बायको हवी होती, चार पोरं हवी होती, त्याचा नालायकपणा हवा होता. काहीच मिळालं नाही. इतकी हात चोळत बसल्याचं मला आठवत नाही.

वंशावळ चढवणाऱ्या बाईला मी तिथूनच निरोप पाठवला. ती साहेबाच्या बहिणीची नात, म्हणजे आईच्या आत्याची नात, माझ्याच वयाची, शाळेत शिक्षिका होती. मी निरोप रोखठोक लिहिला होता की तुमच्या वंशावळीत एक चूक आहे, तुम्ही मेलेली लिहिलेली बाई माझ्या घरात भाजी निवडते आहे. दुसऱ्या दिवशी तिचं लांबलचक उत्तर आलं. त्यात एक गोष्ट अशी होती की ती वाचून मी खुर्चीतून उठले. मुलगी झाली तेव्हा साहेबानं बहिणीला पत्र लिहिलं होतं. माझ्या बायकोच्या लोकांत बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं, तर तू नाव कळव. आत्यानं स्कॉटलंडहून नाव कळवलं होतं. आजीनं तेच पाळण्यात ठेवलं होतं. कानात सांगायला आत्या नव्हती म्हणून तिनं ते पत्रातून मागवून घेतलं.

उत्तराबरोबर आणखी एका पत्राची छायाप्रत होती. इंग्रजीत, टाकानं लिहिलेलं, एकेक अक्षर मोत्याचं. ते अक्षर मला ओळखावं लागलं नाही. माझ्या लहानपणी बेळगावहून दर दिवाळीला येणाऱ्या पाकिटांवर त्याच अक्षरात इंग्रजी पत्ता असायचा. अण्णांनी साहेबाला कळवलं होतं की माझी बहीण वारली आणि महिन्याभरात त्याच तापानं मुलगीही गेली. आता इथं तुमचं कोणी नाही, तरी येण्याची तसदी घेऊ नये.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मला सायकल त्यांनी शिकवली. मी इंजिनिअर व्हायचं म्हटल्यावर घरात सगळे गप्प बसले तेव्हा, "होऊ दे की, कोण अडवतंय बघू," असं म्हणणारे तेच. ते जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली. जिवंत असते तर मी त्या दुपारी बेळगावची गाडी पकडली असती आणि दारातच त्यांना विचारलं असतं की पोर जिवंत असताना तिचं मरण लिहिताना तुमचा हात थांबला कसा नाही. त्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. साहेब आला असता तर पोरीला बोटीत घालून घेऊन गेला असता. नाही नेलं तरी साहेबाची पोर म्हणून तिला कुणी पदरात घेतलं नसतं. सगळं कळतं. तरी मला त्यांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बायकोकरवी पोरीला तुझा बाप टाकून गेला म्हणून सांगायचं, आणि टाकायला त्याला भाग पाडणारे आपणच.

आता आईला सांगायचं होतं. मी तीन दिवस काही बोलले नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, पण अर्धं.

"सापडला," मी म्हटलं. "त्यानं तुला लिहून ठेवलंय. तुझं पाळण्यातलं नाव आहे, जन्मदिवस आहे, आईचं नाव आहे. दुसरं लग्न केलं नाही."

आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पाळण्यातलं नाव आहे?"

"आहे. तुझ्या आत्यानं ठेवलेलं."

"मग आला का नाही?"

"युद्ध होतं," मी म्हटलं. "नंतर त्याची तब्येत."

ती खूश झाली. आईला मी तितकी खूश झालेली कधी पाहिली नव्हती. खालच्या फुलवालीला तिनं कन्नडमध्ये सांगितलं की माझे वडील परदेशात होते, त्यांनी मला टाकलं नव्हतं. वॉचमनला सांगितलं. साठ वर्षं शिवलेलं तोंड उघडलं ते उघडलंच. मला ते बघून बरं वाटायचं, आणि ती फुलवालीपाशी थांबली की मी पुढं निघून जायचे. मी स्वतःला समजावत होते की शहाऐंशीव्या वर्षी तिच्याकडून अण्णा काढून घ्यायचा मला काय अधिकार आहे. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं ती दिवा लावते त्यांचं हे पत्र तिला कशाला दाखवायचं. तिला हवं होतं तेवढं मिळालं आहे. बाकीचं मी गिळीन, मला पचतं.

मग आईनं त्या बाईशी बोलायचं काढलं. समोरासमोर, व्हिडिओवर. मी टाळाटाळ केली, इंटरनेट नीट नाही म्हटलं, तिकडची वेळ जमत नाही म्हटलं. "तुझं सारखं काय गं चाललंय?" आई म्हणाली. शेवटी मी त्या बाईला आधीच लिहून विनंती केली की आई थकलेली आहे, कृपया अण्णांच्या पत्राचा आणि मृत्यूच्या नोंदीचा विषय काढू नये. तिनं सभ्यपणे कबूल केलं.

रविवारी दुपारी आई इरकल नेसून लॅपटॉपसमोर बसली. पलीकडं एक गोरीपान, पांढऱ्या केसांची बाई, आणि तिचे डोळे बघून मी मान फिरवली. आईचेच डोळे. दोघींनी आधी नुसतं एकमेकींकडे बघितलं. आईचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, अडखळत चालणारं, पण चुकणारं नाही. तिनं जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं. मग म्हणाली, "माझं नाव जिथं लिहिलंय ते मला दाखवाल?"

ती बाई गोंधळली. माझ्याकडे बघितलं. पण म्हातारीला नाही कसं म्हणणार. तिकडं घरातल्या मोठ्या बायबलच्या पहिल्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू लिहायची चाल होती. तिनं ते जाडजूड बायबल आणलं, पान उघडलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. आत्याच्या हातची ओळ. आईचं नाव, जन्मदिवस, बंगळूर. आणि ओळीच्या शेवटावर त्या बाईनं अंगठा ठेवलेला.

आई वाकून वाचत होती. ओठ हलत होते. सगळं वाचून झाल्यावर तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि इंग्रजीत म्हणाली, "तुमचं बोट, प्लीज."

बाईनं ऐकलं नाही असं दाखवलं.

"बोट काढा," आई म्हणाली.

अंगठा बाजूला झाला. दुसऱ्या शाईतली तारीख तिथं होती. आईनं ती वाचली. मला वाटलं ती रडेल, किंवा काही समजलं नाही असं म्हणेल. तिनं माझ्याकडे न वळता मराठीत विचारलं, "कुणी कळवलं?"

मी लॅपटॉपची वायर सरळ करू लागले.

"अक्का, कुणी कळवलं?"

"अण्णांनी."

"पत्र आहे?"

"आहे."

"आण."

मी छायाप्रत कपाटातून काढून दिली. छापून घेतलेली होती, कुलपात ठेवलेली होती, म्हणजे लपवायची पूर्ण तयारी होती हे तिला त्यावरूनही कळलं असणार. आईनं ते पत्र दोनदा वाचलं. पडद्यावरची बाई रडत होती. आईनं तिला सांगितलं की रडू नका, तुमची यात काही चूक नाही, मी तुम्हाला पत्र लिहीन. मग नमस्कार केला आणि लॅपटॉप मिटला.

"अण्णांचंच अक्षर," ती म्हणाली. मग पत्राची घडी घालत, "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे मी त्या फुलवालीला सांगत फिरते आहे."

"तुला त्रास होईल असं वाटलं," मी म्हटलं. "तुझ्या भल्यासाठीच नाही सांगितलं."

"हो," आई म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "अण्णांनीही माझ्या भल्यासाठीच केलं."

भांडणात मी कधी हरत नाही. त्या दिवशी मी उठून कपाटाचं उघडं राहिलेलं दार लावलं.

आईनं पत्र लिहायला चार दिवस घेतले. हातानं, इंग्रजीत, जेवणाच्या टेबलावर बसून. मी जवळून गेले की ती कागदावर आडवा हात ठेवायची. कागद संपले तर तिनं माझ्याकडे मागितले नाहीत, खाली जाऊन स्वतः आणले. पाचव्या दिवशी पाकीट चिकटवून तिनं मला पोस्टात घेऊन चल म्हटलं. मी पत्ता लिहून देऊ का विचारलं, तर, "नको, मी लिहिलाय," म्हणाली. रांगेत ती पाकीट उराशी धरून उभी होती. खिडकीपाशी आल्यावर मी ते घ्यायला हात पुढं केला, तर तिनं ते माझ्या हातात न देता सरळ आतल्या माणसाला दिलं.